मधली जागा

दार पोटात फुगलं होतं.
मालीम जेटीची ऑर्डर, मासळीच्या बर्फपेट्या,
स्टेनलेस, दीड मिलिमीटर.
दोन्ही टोकांना काटकोन चोख, मध्ये मात्र एक्याण्णव,
आणि गुण्याच्या फटीतून
डिचोलीच्या शेडमधला उजेड आरपार.

मी दाब वाढवायला गेले.
सोयरू मागून म्हणाला, "राहू दे गो बाय,
दुखणं वेगळं आहे."
त्याने डायच्या खांद्यावरून नख फिरवलं,
डावीकडून, सावकाश,
तांदळातला खडा हाताला लागावा तसं
एका जागी ते अडलं.
मग मायक्रोमीटर आणला, माझी खात्री पटावी म्हणून.
आठ शतांश.
वहीचा एक कागद.

"सोळा वर्षं सगळ्यांनी मध्येच वाकवलं.
ब्रॅकेट असो, बिजागरीची पट्टी असो, वीतभर तुकडा असो,
उभं राहायचं ते मध्येच.
वर बघ."
मी वर बघितलं.
पंखा.
तीन मीटर लांब मशीनवर एकच पंखा, बरोबर मध्ये.
टोकांच्या डायवर अजून
खोक्यातून आल्या दिवसाची चकाकी होती.

खांडेपारकरांनी नव्या संचाचं कोटेशन मागवलं.
चौदा आठवडे. आणि आकडा असा, की वाचून झाल्यावर
त्यांनी चष्मा पुसला आणि तोच आकडा पुन्हा वाचला.

रविवारी आम्ही तिघं आलो. मी, सोयरू, आणि मासला जाऊन
इस्त्रीच्या शर्टातच आलेला विल्फ्रेड.
एकेक तुकडा सोडवला, पाठीवर खडूने नंबर घातले.
मधले टोकांना, टोकांचे मध्ये.
खाचेत फडकं फिरवलं तर लाल झालं.
खाणीची धूळ.
ट्रक बंद झाले तरी ही वळचणीला बसून राहिलेली,
पत्रा आपटला की थोडी थोडी खाली उतरणारी.
"शॉव्हेलचे दात बदलायचो मी तिकडे," सोयरू म्हणाला,
"ही खायची त्यांना. लोखंडच ना शेवटी.
लोखंडाला दुसरं कोण खाणार?"

विल्फ्रेडने शर्टाच्या बाह्या बघितल्या आणि काही बोलला नाही.

तुकडा उचलताना मला दिसलं,
सोयरूचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे.
किती, ते मी मोजलेलं नाही.

आता माझ्या वहीत त्याची वाक्यं आहेत,
तेलाच्या बोटांनी लिहिलेली, काही पुसट:
जस्ताचा पत्रा झाला की खांदे पुसायचे, पापुद्रे चिकटून बसतात.
कापाची बुरी डायकडे नको, वर राहू दे.
तोंड जाडीच्या आठपट. जाड पत्रा अरुंद खाचेत कोंबणारा
खांडेपारकर असला तरी त्याला नाही म्हणायचं.
(हे लिहू नको, तो म्हणाला होता. लिहून झालं होतं.)
श्रावणात रोज संध्याकाळी तेलाचा हात,
आणि पंच कधीही पंचावर झोपवायचा नाही,
त्यांच्यासाठी फळीला खाचा पाडून घे,
जांभा दगडावर तर ठेवूच नको, दगड पाणी धरून ठेवतो.

एक ओळ मला लागत नाही. "हलक्या" एवढंच वाचता येतं.
हलक्या हाताने? हलक्या पत्र्याला?
विचारायचं राहून जातं.

सोमवारी दार बसवलं. गुणिया टेकवला.
फट नाही.

छोटी कामं मी आता डाव्या टोकाला करते,
पुढच्या महिन्यात उजव्या.
दुसऱ्या पंख्याचा अर्ज ऑफिसात आहे, आडीला हूक नाही म्हणे.
तोवर हा मध्येच फिरतोय,
खाली कोणी नसताना.
मी घाम पुसते.
डायच्या फडक्याने नाही.
ते वेगळं ठेवलंय.